उसावरून गेलेला पासवर्ड

“बी! बदकातला बी! आरं बदक, बदक! पाण्यात बसतंय ते!”

बारामतीच्या एसटी स्टँडसमोरच्या फोनच्या बूथमध्ये, काचेचं दार पाठीनं दाबून धरून, मी माझाच पासवर्ड ऐकत उभी होते. ओरडत होते आमचे शेजारी तात्या, तिकडं पळसदेवला, आपल्या अंगणात उभं राहून. आमच्या वस्तीवर तेव्हा फोन एकच आणि तो तात्यांच्या पडवीत. मी म्हटलं होतं, “तात्या, ह्यांना जरा हाक मारा, कॉम्प्युटरचा पासवर्ड सांगायचाय.” तात्या म्हणाले, “त्याला कशाला हितवर आणायचा? पाणी धरतोय त्यो. मला सांग, मी पोचिवतो.” आणि मी, बारामतीच्या क्लासातून कॉम्प्युटरचा कोर्स पहिल्या नंबरानं पास झालेली बाई, मागं रांगेत खोकणाऱ्या माणसाला घाबरून सांगून मोकळी झाले. तात्यांनी रिसीव्हर टेबलावर आडवा ठेवला, अंगणात गेले आणि मधल्या उसावरून एकेक अक्षर फेकायला सुरुवात केली.

“ए! अननसातला ए! लिवलं का? जी! गाढवातला जी!”

“कोण गाढव?” लांबून, उसात बुडालेला आवाज. माझे यजमान.

“तू न्हवं रं! जी, जी! मग पुन्यांदा ए! मग यल, लसणातला! आन् शेवटाला आय, इळ्यातला!”

तात्यांचा आवाज म्हणजे साधी गोष्ट नव्हती. त्यांनी एकदा अंगणातून बैलाला दम दिला तर हमरस्त्यावर ट्रकवाल्यानं ब्रेक मारला होता. त्या दिवशी धरणाच्या पाण्यावर बसलेली बदकं, आपलंच नाव निघालं म्हणून, उठून भिगवणच्या अंगाला गेली असं ह्यांनी मला नंतर सांगितलं. ह्यांचं बोलणं पाव हिश्शानं खरं धरायचं. माझं निम्म्यानं धरा, तेवढी मी प्रामाणिक आहे.

शेवटी तात्यांनी रिसीव्हर उचलला. धापा टाकत म्हणाले, “पोचला बघ. आन् गुपचूप सांगितलाय, काळजी करू नगंस.”

लोणी देवकरच्या कारखान्यात मुलाखतीला निघालेला एक माणूस आमच्या ओट्यावर खोळंबला होता. त्याचा बायोडाटा आमच्या मशीनमध्ये, आणि मशीनला माझं कुलूप. तेवढ्यासाठी हा सगळा प्रकार. बायोडाटा छापला गेला, माणूस गेला. पण त्याच कुलपामागं आणखी एक कागद होता, आणि त्याची काळजी घेऊनच मी बूथमधून बाहेर आले.

तो कागद म्हणजे माझ्या नणंदेचा अर्ज.

नव्वदच्या दशकाची ती शेवटची वर्षं. मी बारामतीची, सासर पळसदेव. ज्या क्लासात शिकले त्यांनी जुनी मशिनं काढली, त्यातलं एक आम्ही आणलं. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून, चार वाकळांत गुंडाळून, बाळंतिणीला आणावं तसं. आत्यांनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, मॉनिटरला हळदीकुंकू लावलं. ते कुंकू पडद्याच्या कोपऱ्यात इतकं घट्ट बसलं की पुढं पाच वर्षं माझ्या प्रत्येक अर्जाच्या उजव्या अंगाला लाल ठिपका दिसायचा. मी लोकांचे अर्ज, बायोडाटा, लग्नपत्रिका टाइप करून द्यायचे. डाळजपासून इंदापूरपर्यंतची माणसं यायची. आणि माझी नणंद, जेमतेम विशीतली, माझ्या शेजारी स्टूल घेऊन बसायची. बसता बसता शिकली. आठ महिन्यांत तिची बोटं अशी चालायला लागली की मी कीबोर्डवर ओला फडका ठेवला असता तर वाळला असता.

मग एक दिवस पेपरात जाहिरात आली. एका सरकारी खात्यात टंकलेखकाच्या जागा. अर्जाचा नमुना खाली छापलेला. तिनं तो पेपर घडी घालून परकराच्या नेफ्यात खोवला आणि मला गोठ्यामागं नेऊन म्हणाली, “वयनी, आबांना कळलं तर संपलं बघा.”

आबा म्हणजे माझे सासरे. त्यांची डाळजच्या एका घराशी तिच्या लग्नाची बोलणी चालली होती. घर चांगलं, पोरगा चांगला, सगळंच चांगलं. पण तिला एकदा, फक्त एकदा, आपल्या बोटांची परीक्षा द्यायची होती. आबांना कळलं तर ते डाळजकरांना उद्याच बोलावतील, याबद्दल आम्हा दोघींच्या मनात तिळाइतकी शंका नव्हती. म्हणून अर्ज टाइप केला तो ते शेतावर गेलेले बघून. शाळेच्या दाखल्याची नक्कल मिळायला तीन आठवडे होते, मुदतही तेवढीच होती. कागदावर छापून घरात ठेवायचा तर आत्या कपाट आवरताना हातात घेणार. म्हणून तो मशीनमध्येच ठेवला, आणि मशीन चालू केल्या केल्या पासवर्ड विचारेल अशी व्यवस्था केली. ह्यांना मी अर्जही सांगितला होता आणि शब्दही, पण शब्द ते विसरले होते. बाकी कुणाला नाही.

आणि आता ते कुलूप तात्यांच्या तोंडून सगळ्या शिवारभर झालं होतं.

मी संध्याकाळच्या एसटीनं उतरले तर रस्त्यावरच एका बाईनं विचारलं, “काय गं, बगळी कशी हाय?” कारण तात्यांची अक्षरं जोडली की शब्द व्हायचा बगळी. आबांच्या एका मेंढीचं नाव. आमच्या सासरची माणसं दोन पिढ्यांमागं मेंढरं घेऊन हिंडणारी. आबांनी स्वतः तरुणपणी कळप हाकला होता, आणि त्या कळपाच्या पुढं चालणारी पांढरीफेक बगळी त्यांनी मला इतक्यांदा सांगितली होती की मी तिच्या दुधाचा चहा प्याल्यासारखं मला वाटायचं.

घरी आले तर आबा ओट्यावर पेपर वाचत बसलेले. चौथीपर्यंतच शिकलेले, पण पेपर वाचायचे तो पहिल्या ओळीपासून छापखान्याच्या पत्त्यापर्यंत. पेपर खाली न करता म्हणाले, “तात्या आज बगळीला हाका मारत हुता.”

मी पिशवी खाली ठेवली.

“व्हय आबा. त्ये मशीनचं काम हुतं.”

“लई गुणाची मेंढी. वढा आला की आदी ती पाण्यात पाय घालायची, मग कळप.” एवढं बोलून त्यांनी पान उलटलं. मला वाटलं, सुटले. त्यांनी मेंढीच ऐकली, पासवर्ड नाही.

मी लगेच शब्द बदलला. पण शब्द बदलून काय होतं? माणसं तीच होती.

आमच्या त्या घराला कुलपाची सवयच नव्हती, हे मला हळूहळू कळलं. कळपाबरोबर हिंडायचं तेव्हा मोकळ्या रानात मुक्काम, दार नाही की कडी नाही. मग घर झालं, पण ते जुनं गाव धरणाच्या पाण्यात गेलं. पाणी उतरलं की जुनं देऊळ बाहेर येतं, ते बघायला अजून माणसं जातात. वरच्या अंगाला नवी घरं झाली, घरांना दारं आली, दारांना कुलपं आली. आणि किल्ली? किल्ली कुलपाशेजारीच, खिळ्याला. मी नवी नवरी असताना विचारलं होतं, “आत्या, चोरानं घेतली तर?” आत्या म्हणाल्या, “आगं, मग पाहुणा आला तर त्यानं काय बाहेर बसायचं व्हय?” या तर्काला बारामतीच्या क्लासात उत्तर शिकवलेलं नव्हतं.

त्यामुळं दुसरा पासवर्ड मी ठेवला आणि चौथ्या दिवशी तो मला मशीनच्या डब्यावर खडूनं लिहिलेला दिसला. मोठ्या, वळणदार अक्षरात. ह्यांचं अक्षर.

“अहो, हे काय?”

“इसरायला नगं म्हणून,” हे म्हणाले. “तूच म्हणालीस ना, ध्यानात ठिवा.”

पुसला. तिसरा ठेवला. तेव्हा आत्या रुसल्या. पदर तोंडाशी घेऊन चुलीला म्हणाल्या, मला नाही, चुलीला, “घरातल्या माणसापासनं शब्द लपिवत्यात आता. आमी काय परक्या हाय.” दोन दिवस घरातली भाकरी कडक येत होती. तिसऱ्या दिवशी मी आत्यांना सांगून टाकला. पण खरा नाही. तेवढी मी लबाड आहेच. मी एक भलताच शब्द बनवून त्यांच्या कानात सांगितला, आणि मजा बघायची म्हणून वेळ पाहून ठेवली. सकाळी नऊ. आत्या दळण घेऊन गिरणीत गेल्या. अकराला तो शब्द डेअरीवर होता. दुपारी मी इंदापूरच्या बाजारात गेले, तर मेथीची जुडी पिशवीत टाकता टाकता भाजीवाली मला म्हणाली, “तुमच्या मशीनचं कुलूप असं असं हाय म्हणं.” एसटीनं मला तिथं पोचायला दीड तास लागला होता. शब्द माझ्या आधी पोचून, चहा पिऊन, पाय पसरून बसला होता.

मग मला त्याचा नादच लागला. रोज एक खोटा पासवर्ड सोडायचा. एक आत्यांच्या कानात, एक तात्यांच्या, एक डेअरीवाल्याच्या. वस्तीवर माझे इतके पासवर्ड हिंडायला लागले की खरा कुठला हे मलाच आठवेना. मी तो एका चिठ्ठीवर लिहिला, चिठ्ठी डाळीच्या डब्यात घातली, आणि एके दिवशी पाहुण्यांना आमटीत वाढली. हे मात्र अगदी पूर्ण खरं आहे, निम्म्यानं नको.

नणंद मात्र हसायची नाही. ती रोज मशीन बंद झाल्यावर काळ्या पडद्याला हात लावून बघायची, चूल विझली का बघावं तसं. एकदा मला म्हणाली, “वयनी, तुमी एवढं हसता, मला आबांच्या तोंडाकडं बघायला बी भ्या वाटतंय.”

“अगं, त्यांना काय कळतंय त्यातलं?” मी म्हणाले. माझ्या तोंडचं हे वाक्य मला आज पासवर्डांपेक्षा जास्त लख्ख आठवतं.

परवा माझ्या फोननं मला बजावलं की माझा एक जुना पासवर्ड कुठंतरी फुटलाय, तो ताबडतोब बदला. मी एकटीच हसत बसले. फुटला म्हणे! फुटणं म्हणजे काय हे ह्या फोनला कोण सांगणार? तो नुसता तक्रार करतो. कुणी फोडला, का फोडला, कुठल्या दळणाबरोबर गेला, काही पत्ता नाही. आता माझ्याकडं एक वही आहे, तिच्यात जुने पासवर्ड आहेत. बदलला की आधीच्यावर एक आडवी रेघ. टाकून द्यावी असं मुलं म्हणतात, सगळे फुटलेले, जपून काय करायचे? पण ती वही उघडली की कधी कशाची काळजी होती ते एका ओळीत समोर येतं. माणूस आपल्याला प्रिय असेल तेच कुलपाला लावतो. बाहेरचा माणूस तो शब्द चोरून आत शिरतो, ती एक भीती. पण घरातल्या माणसाला तो शब्द न सांगण्यात आपण त्याच्याबद्दल काहीतरी ठरवून टाकलेलं असतं. ते ठरवलेलं पुसायला रेघ पुरत नाही. हे मला त्या वेळी कळलं असतं तर बरं झालं असतं.

असो. शाळेच्या दाखल्याची नक्कल मिळाली. आबा इंदापूरला गेलेले बघून आम्ही अर्ज छापला. प्रिंटर असा कर्कश ओरडायचा की आवाज झाकायला मी मिक्सर लावला, त्यात काहीही नसताना. टपाल बारामतीहून टाकलं, गावच्या पोस्टावर आमचा विश्वास नव्हता, म्हणजे पोस्टमनच्या बायकोवर नव्हता. पुढं परीक्षेचं बोलावणं माझ्या माहेरच्या पत्त्यावर आलं. माझ्या आईला बरं नाही असं सांगून मी नणंदेला घेऊन गेले. आईला मी त्या वर्षी एवढ्यांदा आजारी पाडलं की आत्यांनी तिच्यासाठी लिंबू उतरवून पाठवलं. परीक्षा झाली. नणंद बाहेर आली ती दोन्ही हात पुढं धरून, ओली मेंदी असावी तशी. म्हणाली, “हात चालला वयनी. एक बी चूक न्हाय.”

यादी लागली, ती बघायला मी एकटीच गेले. तिचं नाव नव्हतं. थोडक्यात हुकलं होतं. मी ती यादी खालून वर, वरून खाली, राखीव जागांच्या यादीसकट इतक्यांदा वाचली की शिपायानं मला पाणी आणून दिलं.

घरी येऊन सांगितलं तेव्हा ती भुईमुगाच्या शेंगा फोडत होती. शेंगा फोडत राहिली, फक्त दाणे टरफलात टाकायला लागली आणि टरफलं सुपात. ते बघून मला राहवेना. आठवड्याभरात डाळजकर येणार होते. मी ठरवलं, जे काय व्हायचं ते माझ्यावर होऊ दे, आबांना सांगून टाकायचं. निदान पुढच्या खेपेला तिला उजळ माथ्यानं बसता यावं.

आबा ओट्यावर होते. दुपारची उन्हं पायरीपर्यंत आली होती. मी खाली बसले आणि सगळं सांगितलं. अर्ज, परीक्षा, माझ्या आईचं आजारपण, यादी. आयुष्यात पहिल्यांदा काही न वाढवता सांगितलं, त्यामुळं ते फार लवकर संपलं.

आबा उठले. घरात गेले. ट्रंकेचं झाकण वाजलं. बाहेर आले ते प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला एक कागद घेऊन. माझ्या हातात दिला. सरकारी शिक्का, आबांचं नाव. धरणात जमीन गेल्याचा दाखला.

अर्जात एक रकाना होता: प्रकल्पग्रस्त असल्यास दाखला जोडावा. त्यांच्यासाठी काही जागा राखीव होत्या. आम्ही दोघी त्या रकान्यापाशी बराच वेळ अडलो होतो. असा दाखला घरात आहे का, असला तर तो तिला चालेल का, हे एकाच माणसाला ठाऊक असणार. त्या माणसाला विचारायचं म्हणजे अर्ज उघडा पडणार. तेव्हा मी म्हटलं होतं, लिही ‘नाही’, आणि तिनं लिहिलं होतं.

“ह्यो जोडला असता तर झालं असतं,” आबा म्हणाले.

झालं असतं, हे मला माहीत होतं. राखीव यादीतली शेवटची मुलगी आमच्या मुलीच्या बरीच मागं होती.

“पण आबा, त्यात असा रकाना असतो हे तुमाला काय ठावं?”

“वाचला की मी अर्ज. तुमी धाडायच्या आदी.”

मी म्हटलं, “मशीनला तर कुलूप हुतं.”

“कसलं कुलूप? त्या बटणांच्या पाटीवर डाव्या अंगाच्या कोपऱ्यात वर एक बटण हाय, ते दाबलं की पुढं जातंय. तू माहेरला गेलीवतीस तवा मेकॅनिक आलावता, त्यानं तेच दाबलं. मी रोज दुपारी पत्ते खेळतो त्यावर, तुमी रानात असता तवा. पत्ते हुडकता हुडकता एक दिवस ते उघडलं.”

म्हणजे तात्यांची बदकं आणि गाढवं, खडूची अक्षरं, गिरणी, डेअरी, डाळीचा डबा, सगळं फुकट. माझ्या कुलपाला एक बाजू उघडीच होती आणि तिथून माझे सासरे रोज जेवणानंतर पत्ते खेळायला आत जात होते. एरवी मी त्यावर लोळून हसले असते.

आता सांगायला हरकत नाही, डाळजची बोलणी आबांनी स्वतःच लांबवली, आणि पुढच्या भरतीत तो दाखला जोडून ती लागली. तिनं चांगली नोकरी केली. पण ते सगळं वर्षभरानंतरचं. त्या दुपारी माझ्या हातात दाखला होता, आतून शेंगा फुटल्याचा आवाज येत होता, आणि एक आख्खं वर्ष त्या पोरीच्या हातून गेलं होतं.

माझा आवाज चढला. सासऱ्यांपुढं मी एवढ्या मोठ्यानं कधी बोलले नव्हते.

“मग आबा, सगळं वाचलंवतं, ‘नाही’ लिवलेलं बी बघितलंवतं, दाखला ट्रंकेत हुता. तवाच का न्हाय सांगितलं?”

आबांनी पेपर उचलून मांडीवर घेतला.

“तुमी लपिवलं हुतं न्हवं,” ते म्हणाले. “मग म्या कसं बोलायचं?”